भाव करताना आपण काय घेतो?



गेल्या महिन्यातली वंदना आमच्या घरी होती. वंदना झाली, खीर वाटून झाली आणि मंडळी निवांत बसली. एका ताईंचं लक्ष भिंतीवरच्या सुझानीकडे गेलं. सुझानी म्हणजे उझबेकिस्तानातलं भरतकाम केलेलं कापड. 'सुझन' म्हणजे फारसीत सुई, त्यावरून हे नाव. ताईंनी विचारलं, "कितीला पडली?" मी म्हणालो, "चार लाख सोम." आकडा ऐकून त्या दचकल्या, म्हणून लगेच सांगितलं की तिथले चार लाख म्हणजे साधारण तीस-बत्तीस डॉलर. पाण्याचे ग्लास घेऊन माझी मुलगी मागेच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आपण दोन लाख वीस हजारच दिले होते ना?"

सगळे हसले, मीही हसलो. पंचशील ग्रहण करून अर्धा तासही झाला नव्हता.

आपली माणसं खरेदीबद्दल खोटं बोलतात ते सहसा खालच्या बाजूला. हजाराची वस्तू सातशेला मिळाली म्हणून मिरवतात. मी उलटं केलं. कमी दिले होते आणि जास्त सांगितले. असं का केलं, याचा विचार त्या रात्रीपासून डोक्यातून जात नाही. आपल्यापैकी बरीच कुटुंबं हल्ली ईदच्या सुट्टीत ताश्कंद-समरकंदला जातात, म्हणून हे तुमच्यासमोर मांडतो आहे.

समरकंदला बीबी-खानुम मशिदीच्या शेजारी सियोब बाजार आहे. बाजार मुळात खाण्यापिण्याचा. जर्दाळू, बेदाणे, अक्रोड, हलवा, खडीसाखरेचे मोठमोठे खडे, आणि मधोमध ठसा उमटवलेल्या, चकाकणाऱ्या गोल जाड रोट्या, ज्यांना तिथे नॉन म्हणतात. हिंदीभाषक मित्राला नान आठवेल, आणि बरोबर आठवेल. मला तर त्या बाजारात परकं वाटलंच नाही. तिथे बाजाराला बोझोर म्हणतात, दुकानाला दोकोन, आणि सौद्याला सवदो. 'किम्मत' म्हणजे मात्र महाग. आपली किंमत तिथे जाऊन महाग झाली आहे, असं मी मुलीला सांगितलं, तर तिला हसू आलं नाही. आम्ही 'हिंदिस्तोन'चे आहोत हे कळताच जो तो मिथुन आणि शाहरुखची नावं घेतो आणि एक बेदाणा हातावर ठेवतो.

बाजाराच्या कडेला एक वयस्क बाई चार-पाच सुझान्या मांडून बसल्या होत्या. दिवस मावळत आला होता. शेजारच्या डाळिंबवाल्याने माल झाकायला सुरुवात केली होती. बाईंनी चार लाख सांगितले. मी कॅल्क्युलेटरवर दीड लाख टाइप केले. त्यांनी मान हलवली, साडेतीन लाख केले. मी निघाल्यासारखं केलं. त्यांनी हाक मारली, तीन लाख. मी पुन्हा निघालो. हे सगळं मी गमतीने करत होतो, आणि मला ते चांगलं जमत होतं. शेवटी त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा गठुड्याकडे पाहिलं, आणि दोन लाख वीस हजारांना कापड गुंडाळून माझ्या हातात दिलं. फरक एक लाख ऐंशी हजार सोमचा. त्या वेळच्या दराने साधारण चौदा डॉलर, म्हणजे पन्नासेक दिरहम. परतताना विमानतळावर आम्ही तिघांनी कॉफी आणि सँडविच घेतलं, त्याचं बिल याहून जास्त झालं.

त्या बाईंनी आकाशाकडे पाहिलं, तिथे मी अडकलो आहे.

माझी आजी यवतमाळ जिल्ह्यातली. जंगलातून सरपण तोडून आणायची आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी मोळी विकायची. माझे वडील लहानपणी तिच्यासोबत जात. त्यांनी मला हे अनेकदा सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी एकाच शब्दांत. सकाळी मोळीचा भाव आठ आणे. दुपारी सहा आणे. घेणारे सकाळी येऊन मोळी पाहून जात, हाताने उचलून वजन पाहत, आणि काही न बोलता निघून जात. त्यांना ठाऊक असायचं की ही बाई मोळी डोक्यावर घेऊन सहा कोस परत जाणार नाही, आणि घरी पीठ नाही. दिवस कलला की तेच लोक परत येत आणि चार आणे म्हणत. आजी आकाशाकडे पाही. मग मोळी त्यांच्या अंगणात नेऊन टाकायची, आणि पैसे वरून तिच्या ओंजळीत टाकले जायचे, हाताला हात न लागता. हे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरचं सांगतो आहे. आजीने देव्हारा काढून टाकला होता, मरीआईची यात्रा सोडली होती. बाजार मात्र तोच होता.

आता मला सांगा, त्या घेणाऱ्यांनी चोरी केली का?

कायद्याने नाही. आजीने स्वतः हो म्हटलं होतं. दुसरं शील 'अदिन्नादाना'पासून दूर राहायला सांगतं, म्हणजे जे दिलेलं नाही ते न घेणं. आजीने मोळी दिली होती. कुणी हिसकावून घेतली नव्हती. शब्दाला धरून बसलं तर घेणारे सुटतात, आणि त्यांच्यासोबत मीही सुटतो. पण माझे वडील, जे कधी कुणाबद्दल वाईट बोलले नाहीत, ते त्या लोकांना चोरच म्हणत. मला आजवर कधी वाटलं नाही की वडील चुकीचं बोलतात. मग समरकंदच्या बाजारात वेगळा न्याय कसा लावू?

मी अभियंता आहे, त्यामुळे सवयीने गोष्टीचे भाग पाडून पाहतो. भाव करणं ही एक गोष्ट, आणि समोरच्याची अडचण पाहून थांबणं ही दुसरी. भाव करण्यात दोघंही एकमेकांना विचारत असतात, तुला ही वस्तू केवढ्याची वाटते? दोघांनाही उठून जाता येतं. मोळीच्या सौद्यात घेणाराच तेवढा उठून जाऊ शकत होता. आजी जाऊ शकत नव्हती. तिने 'दिली' हे खरं, पण तिच्याकडून ते सूर्याने काढून घेतलं, आणि घेणाऱ्याने सूर्याला कामाला लावलं.

हा मुद्दा मी आपल्या एका ज्येष्ठ उपासकांना सांगितला. त्यांनी तीन हरकती घेतल्या. तिन्ही वजनदार आहेत.

पहिली अशी की तिथे भाव करण्याची रीतच आहे, आणि विकणारा दुप्पट सांगूनच सुरुवात करतो. मान्य. बुखाऱ्यात सोळाव्या शतकातले घुमटबंद बाजार अजून उभे आहेत. तोकी झरगरोन सोनारांचा, तोकी तेलपाक फुरुशोन टोपीवाल्यांचा, तोकी सर्राफोन सराफांचा. सर्राफोनमध्ये एके काळी मुलतानकडचे हिंदुस्थानी सावकारही बसत. तिथल्या एका तरुण दुकानदाराने माझ्याशी इंग्रजीत, पुढच्या गिऱ्हाइकाशी रशियनमध्ये आणि त्याच्या पुढच्याशी फ्रेंचमध्ये भाव केला, आणि कात्रीवर मला स्वच्छ हरवलं. त्या कात्र्या करकोच्याच्या आकाराच्या असतात, चोचीची पाती होतात. घरी येऊन पाहिलं तर मी दीडपट दिले होते. त्याच्याशी भाव केल्याचं मला काहीही वाटत नाही, हरल्याचंही नाही. म्हणून 'परदेशात गरिबांशी घासाघीस करूच नये' असं जे काही सज्जन सांगतात, ते मला पटत नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाला गरीब समजणं हाही एक प्रकारचा माज आहे. आपल्या लोकांना दयेने पाहिलं जाणं म्हणजे काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरी हरकत अशी की मी न घेतलं असतं, तर बाईंना दोन लाख वीस हजारही मिळाले नसते. हेच वाक्य मोळी घेणारे म्हणत असणार. उलट सरपण त्यांच्या रोजच्या गरजेचं तरी होतं. मला त्या सुझानीची काहीच गरज नव्हती. मी तिच्यावर उपकार करत होतो असं समजायला मला फार खटपट करावी लागली असती.

तिसरी हरकत सगळ्यांत महत्त्वाची. ते म्हणाले, सम्यक आजीविका विकणाऱ्यासाठी सांगितली आहे. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य केले. शस्त्रांचा, सजीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. त्यात विकत घेणाऱ्याचं नावही नाही.

शब्द पाहिले तर ते बरोबर आहेत. पण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म हा मुळात सामाजिक आहे असं मांडलं आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की धम्माला जागा लागते. बाजार म्हणजे तर दोनच माणसं, मधे एक कापड. त्यातल्या एकालाच शील लागू आणि दुसरा मोकळा, हे कसं चालेल? खिव्याच्या पूर्वेकडच्या वेशीपाशी गुलामांचा बाजार भरत असे. रशियनांनी १८७३ मध्ये खिवा जिंकलं, तेव्हा ती गुलामी कायद्याने संपली. त्याआधीच्या शतकांत मध्य आशियाच्या बाजारांत हिंदुस्थानातून नेलेली माणसंही विकली गेली. तो व्यापार कुणाच्या जिवावर चालला? विकणारे थोडे, घेणारे पुष्कळ.

घेणाऱ्याच्या हाती काय असतं, याचं अलीकडचं उदाहरणही त्याच देशातलं आहे. उझबेकिस्तानात कापूस वेचायला सरकार माणसं जुंपायचं. शाळेतली मुलं, शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी, सगळ्यांना शेतावर पाठवायचं. आपल्या भाषेत याला वेठबिगार म्हणतात. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांकडून जे करून घेतलं जाई आणि ज्याच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं, त्याच जातीची गोष्ट. जगभरातल्या तीनशेहून अधिक कापड कंपन्यांनी तो कापूस घ्यायचा नाही असं ठरवलं. तिथल्या कार्यकर्त्यांनी तुरुंग सोसून माहिती बाहेर आणली, सरकारनेही धोरण बदललं, आणि २०२१ च्या हंगामात ही पद्धतशीर सक्ती संपल्याचं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने नोंदवलं. मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. माझ्या सुझानीचं कापड सुती आहे. ते कोणत्या हंगामातलं, हे मी विचारलं नव्हतं.

बाकी गोष्टी थोडक्यात. काराकुल कातड्याच्या कुरळ्या टोप्या तिथे सर्वत्र दिसतात, हाताला मऊ लागतात. जन्मून दोन-चार दिवस झालेल्या कोकराचं ते कातडं असतं, कारण नंतर त्याचे कुरळे केस सुटू लागतात. ही टोपी आपल्याला नको, यावर फार चर्चा करायचं कारण दिसत नाही. मर्गिलानचं रेशीम मात्र अवघड आहे. कोश उकळत्या पाण्यात टाकल्याशिवाय सलग धागा निघत नाही, हे आपल्याला माहीत आहे. माझ्या पत्नीच्या कपाटात दोन पैठण्या आहेत, त्यामुळे या विषयावर मी आवाज चढवत नाही.

एका प्रसंगावर मात्र थांबावंच लागेल.

ताश्कंदला यांगिओबोद नावाचा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. सोव्हिएत काळातली पदकं, घड्याळं, समोवार, नळाच्या तोट्या, काय वाटेल ते जमिनीवर मांडलेलं असतं. आमच्यासोबत आणखी एक कुटुंब होतं, आपल्यातलंच. आम्ही भारतीय आहोत हे पाहून एका माणसाने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मुठीएवढं बुद्धाचं शिर. दगड काळसर, नाक थोडं झिजलेलं, डोळे अर्धे मिटलेले. तो म्हणाला, "तेर्मेझ." थोड्या वेळाने म्हणाला, "अफगोनिस्तोन." मागितले शंभर डॉलर.

आदल्याच दिवशी आम्ही ताश्कंदच्या इतिहास संग्रहालयात तेर्मेझजवळच्या फयाझतेपाचं शिल्प पाहिलं होतं. ध्यानस्थ बुद्ध आणि दोन्ही बाजूंना दोन भिक्खू, कुषाण काळातले, फिकट चुनखडीच्या दगडातले. त्या शिल्पासमोर आम्ही मोठी माणसं हात जोडून बराच वेळ उभे होतो. तेर्मेझच्या दक्षिणेला आमूदर्या, आणि तिच्यापलीकडे बाल्ख. तथागतांना संबोधीनंतर पहिलं अन्नदान करणारे तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारी होते. त्यांच्या नावाची दोन नगरं आणि तिथले स्तूप बाल्खजवळ असल्याचं ह्युएन त्संगने लिहून ठेवलं आहे. धम्म या वाटेने गेला तो व्यापाऱ्यांच्याच सोबतीने. तिसऱ्या शतकात चीनमध्ये सूत्रांचं भाषांतर करणारा कांग सेंगहुई हा मूळ समरकंदच्या मुलखातल्या सोग्दियन घराण्यातला, एका व्यापाऱ्याचा मुलगा. हे सगळं मनात ताजं असताना ते शिर समोर आलं. आमच्या मित्राचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "इथे नळाच्या तोट्यांत पडलं आहे. आपण नेलं तर निदान रोज त्याच्यापुढे दिवा लागेल."

याहून चांगला हेतू असू शकत नाही, आणि म्हणूनच तो तपासून पाहावा लागतो. शिर खोटं असेल, तर आपण एका असत्याला शंभर डॉलर देतो आणि त्याच्यापुढे दिवा लावतो. खरं असेल, तर ते कुठल्यातरी धडावरून तोडलेलं आहे. पुराणवस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हा कायदा आहेच, पण तो जरा बाजूला ठेवा. अफगाणिस्तानातल्या यादवीत काबूलचं संग्रहालय लुटलं गेलं, स्तूप उकरले गेले. २००२ मध्ये पेशावरहून आलेल्या पेट्यांत बुद्ध-बोधिसत्त्वांची मातीची शिरं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पकडली गेली, आणि ती काबूलला परत पाठवण्याचं २०१९ मध्ये ठरलं. कुणीतरी घेणार हे माहीत असतं, म्हणून कुणीतरी तोडतो. आपण नेलेल्या एका शिराची जागा भरायला पुढच्या आठवड्यात दुसरं धड फुटतं.

आणि आपलंच पाहा. पिपरहवाची रत्नं २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली, तेव्हा आपण सगळ्यांनी निषेधाची पत्रं पुढे पाठवली. लिलाव थांबला, रत्नं भारतात परत आली, आपण आनंद साजरा केला. महाबोधी महाविहार बौद्धांच्या हाती द्या, असं आपण मागतो. ज्या हाताने ती मागणी लिहायची, त्याच हाताने दुसऱ्या भूमीतलं शिर हँडबॅगेत टाकायचं? मी हे मित्राला बाजारात सांगितलं नाही. एवढं सुचलंच नव्हतं. मी फक्त "राहू दे" म्हणालो. त्याने शिर परत दिलं, आणि दिवसभर तो माझ्याशी फारसं बोलला नाही. त्या माणसाने ते पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं. कदाचित त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी घेतलं असेल. मी नाही म्हटल्याने ते शिर वाचलं, असं मी म्हणू शकत नाही.

तर, त्या शिराच्या बाबतीत मी सावध होतो आणि कापडाच्या बाबतीत नव्हतो. बुद्धाची मूर्ती समोर आली की शील आठवतं. समोर म्हातारी बाई आणि तिचं गठुडं असलं की कॅल्क्युलेटर आठवतो. दोन्ही प्रसंगांत मिळून माझ्याबद्दल जे कळलं, ते काही फार सुखाचं नाही.

घरी आल्यावर मी सुझानी उलटी करून नीट पाहिली. जुन्या पद्धतीत कापडाच्या अरुंद पट्ट्या आधी सैल टाके घालून जोडतात, त्यावर नक्षी रेखतात, मग पट्ट्या उसवून घरातल्या वेगवेगळ्या बायकांना भरायला देतात आणि शेवटी पुन्हा शिवतात. त्यामुळे जोडावर फुलाची पाकळी थोडी चुकते, लाल रंग एका पट्टीत गडद आणि दुसऱ्या पट्टीत फिका येतो. यंत्रावरच्या कामात असं होत नाही. माझ्या सुझानीत तीन पट्ट्या आहेत आणि दोन्ही जोडांवर पाकळ्या चुकल्या आहेत. म्हणजे ते हातचं काम आहे, बहुधा एकीचं नाही. एक लाख ऐंशी हजार सोम मी एकट्या बाईंचे वाचवले असं समजत होतो. तीन बायकांमध्ये ते भागले गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन पैसे दिले का, असं वंदनेच्या दिवशी एका ताईंनी विचारलं. नाही. सकाळी बुखाऱ्याची गाडी होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला काही टोचलंही नव्हतं. उलट हॉटेलवर मी पत्नीला भाव कसा पाडला ते हावभावांसह करून दाखवलं होतं. टोचलं ते मुलीने सगळ्यांसमोर आकडा दुरुस्त केला तेव्हा. चार लाख हा त्या बाईंनी सांगितलेला आकडा होता. तो मी माझ्या तोंडाने का सांगितला, याचं उत्तर आता मला माहीत आहे. तोच भाव दिला असता तर बरं झालं असतं, असं कुठेतरी आत वाटत होतं, आणि खिशातून जे निघालं नाही ते मी जिभेवरून द्यायला निघालो होतो.

येत्या ऑक्टोबरात आपल्यातली काही कुटुंबं तेर्मेझचे विहार पाहायला जाणार आहेत, आणि परतीच्या वाटेवर समरकंदला दोन रात्री थांबणार आहेत. त्यांच्यासाठी सांगतो. सियोब बाजारात बीबी-खानुमच्या बाजूने आत शिरा. उजव्या कडेने गेलात की डाळिंबवाले लागतात, त्यांच्या पलीकडे त्या बसतात. डोक्याला निळा रुमाल, पुढचे दोन दात सोन्याचे. भाव करायचा तर करा, त्यांनाही आवडतो असं मला वाटलं. फक्त सकाळी जा.

जय भीम.